स्कूबा डायव्हिंगच्या आधी व्यायाम करावा की नाही? एकच वर्कआउट कधी मदत करतो, कधी अंगाशी येतो

पावसाळा संपून समुद्र शांत झाला की आपल्या फीडमध्ये एक ठरलेला व्हिडिओ यायला लागतो. निळसर पाणी, तोंडात रेग्युलेटर, आजूबाजूला फिरणारे मासे आणि कॅमेऱ्याकडे बघून केलेली 'ओके'ची खूण. कुणी मालवण-तारकर्लीला गेलेलं असतं, कुणी गोव्याच्या ग्रँड आयलंडला, कुणी नेत्राणीला, तर कुणी थेट अंदमानला. नौदलातून निवृत्त झालेलं 'आयएनएस गुलदार' हे जहाज सिंधुदुर्गात निवतीजवळ समुद्रात ठेवून पाण्याखालचं संग्रहालय करण्याचा प्रकल्प महाराष्ट्र सरकारने हाती घेतलाय. त्यामुळे कोकणात पाण्याखाली जाणाऱ्यांची संख्या पुढच्या काळात वाढणार, हे उघड आहे.

या पर्यटकांमध्ये जिमला जाणारे, मॅरेथॉन पळणारे, ट्रेक करणारे लोक भरपूर असतात. साहजिकच त्यांना प्रश्न पडतो की, डाइव्हच्या आदल्या दिवशी किंवा त्याच दिवशी सकाळी व्यायाम केला तर चालतो का?

इंटरनेटवर याची दोन टोकाची उत्तरं मिळतात. एक म्हणतं, 'डाइव्हच्या आधी व्यायाम म्हणजे जिवाशी खेळ.' दुसरं म्हणतं, 'व्यायाम केला की डीकम्प्रेशन सिकनेस होतच नाही, हे शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय.' गंमत म्हणजे दोन्हींच्या मागे खरेखुरे प्रयोग आहेत. फक्त ते प्रयोग अर्धवट सांगितले जातात.

त्यामुळे ते नेमके काय सांगतात आणि आपण त्यातून काय घ्यायचं, हे नीट समजून घेऊ.

डीकम्प्रेशन सिकनेस म्हणजे काय?

गोटी सोड्याची बाटली आठवा. गोटी घट्ट बसलेली असते तोवर आतलं पाणी साधंच दिसतं. गोटी दाबली की आतला दाब सुटतो आणि फसफसून बुडबुडे वर येतात. गॅस आधीपासून पाण्यात होताच. दाब होता म्हणून तो विरघळून राहिला होता, इतकंच.

पाण्याखाली आपल्या शरीराचं असंच होतं. समुद्रात दर १० मीटर खाली गेलं की साधारण एका वातावरणाएवढा दाब वाढतो. म्हणजे १० मीटरवर दाब दुप्पट होतो आणि २० मीटरवर तिप्पट. आपण श्वासातून जी हवा घेतो त्यात जवळपास ७८ टक्के नायट्रोजन असतो. जमिनीवर तो आपल्याला ना मदत करतो, ना त्रास देतो. पण खोल पाण्यात दाबाखालची हवा घेतली की हा नायट्रोजन रक्तात, स्नायूंत, चरबीत विरघळत जातो. जितकं खोल आणि जितका जास्त वेळ, तितका नायट्रोजन जास्त.

वर येताना दाब कमी होतो. हळूहळू वर आलात तर हा नायट्रोजन रक्तातून फुफ्फुसात येतो आणि श्वासावाटे बाहेर पडतो. घाईने वर आलात तर सोड्यासारखं होतं आणि शरीरातच बुडबुडे तयार होतात. हे बुडबुडे सांध्यांत त्रास देतात, त्वचेवर चट्टे उठवतात. मज्जारज्जू किंवा मेंदूपर्यंत त्रास पोचला तर माणूस लुळा पडू शकतो, क्वचित जीवही जातो. यालाच डीकम्प्रेशन सिकनेस किंवा 'बेंड्स' म्हणतात.

हा आजार आधी सापडला तो पाणबुड्यांत नाही, तर दाबाखालच्या हवेत काम करणाऱ्या मजुरांत. नदीच्या तळाशी पाया खणण्यासाठी दाबाखालची हवा भरलेल्या मोठ्या पेट्यांमध्ये मजूर उतरायचे. काम संपवून वर आले की सांधेदुखीने वाकायचे, काही जण दगावायचे. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन ब्रिजचा मुख्य अभियंता वॉशिंग्टन रोबलिंग १८७२ मध्ये याच आजाराने अंथरुणाला खिळला. पुढे पुलाच्या कामावर त्याची पत्नी एमिली जाऊ लागली आणि १८८३ मध्ये पूल खुला झाला.

फ्रान्सच्या पॉल बेर या शास्त्रज्ञाने १८७८ मध्ये या दुखण्यामागे नायट्रोजनचे बुडबुडे असल्याचं दाखवून दिलं. त्यानंतर ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी शेळ्यांवर प्रयोग करून टप्प्याटप्प्याने वर येण्याचं कोष्टक १९०८ मध्ये प्रसिद्ध केलं. आज डायव्हर्सच्या मनगटावर जो डाइव्ह कॉम्प्युटर असतो, त्यातल्या बऱ्याच आकडेमोडीचं मूळ त्या कोष्टकात आहे.

मग यात व्यायाम कुठून आला?

व्यायामाबद्दलची भीती जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धात विमानं खूप उंच उडायला लागली. उंचावर हवेचा दाब कमी होतो, त्यामुळे वैमानिकांनाही बेंड्सचा त्रास व्हायचा. त्या काळच्या अभ्यासात दिसलं की, उंचीवर असताना हालचाल आणि मेहनत केली की त्रास वाढतो.

त्यामागचं कारण असं मांडलं गेलं. शुद्ध द्रवात बुडबुडा सहज तयार होत नाही. त्याला सुरुवात करायला एखादा सूक्ष्म 'बी' लागतो. शरीरात असे अतिसूक्ष्म वायुकण आधीपासून असतात असं मानलं जातं. स्नायू जोरात आवळले, सांध्यांचे पृष्ठभाग एकमेकांवरून घासले की असे कण आणखी तयार होतात. मग डाइव्हनंतर त्यांच्याभोवती नायट्रोजन जमा होतो आणि बुडबुडे मोठे होतात.

हा तर्क पटणारा होता. त्यामुळे डायव्हर्सना वर्षानुवर्षं एकच सल्ला मिळत राहिला, की डाइव्हच्या आसपास जोरदार व्यायाम नको.

नॉर्वेच्या उंदरांनी चित्र बदललं

२००१ मध्ये नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइमचे उल्रिक विस्लॉफ आणि आल्फ ब्रुबाक यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही उंदरांना ट्रेडमिलवर पळवलं, काहींना नाही. मग सगळ्यांना दाबाच्या चेंबरमध्ये ठेवून वर आणलं. पळालेल्या उंदरांमध्ये बुडबुडे कमी दिसले आणि त्यांचं वाचण्याचं प्रमाणही जास्त होतं.

तोपर्यंतचा अंदाज होता की, फिट प्राण्याला धोका कमी असेल, कारण त्याचं हृदय-फुफ्फुस चांगलं असतं. पण इथे अनेक आठवड्यांचा सराव लागलाच नाही. डाइव्हच्या साधारण एक दिवस आधी एकदाच पळवलं तरी फायदा दिसला. म्हणजे फिटनेसच्या पलीकडे काहीतरी वेगळं घडत होतं.

पुढच्या प्रयोगात वेळेचा प्रश्न तपासला. डाइव्हच्या २० तास आधी व्यायाम केलेल्या उंदरांना फायदा झाला. पण ४८ तास, १० तास, ५ तास किंवा अर्धा तास आधी व्यायाम केलेल्यांना झाला नाही.

मग माणसांची पाळी आली. २००४ मध्ये क्रोएशियातल्या स्प्लिट इथल्या झेल्को दुयिच यांच्या गटाने नॉर्वेच्या शास्त्रज्ञांसोबत १२ पुरुष डायव्हर्सवर प्रयोग केला. त्यांना चेंबरमध्ये १८ मीटर खोलीएवढ्या दाबाखाली ८० मिनिटं ठेवलं. एकदा व्यायाम न करता आणि एकदा २४ तास आधी व्यायाम करून. व्यायामही साधा नव्हता. कमाल हृदयगतीच्या ९० टक्क्यांवर ३ मिनिटं पळायचं, मग २ मिनिटं हळू, असं ८ वेळा. एकूण ४० मिनिटं.

वर आल्यावर अल्ट्रासाउंडने हृदयाच्या उजव्या बाजूतले बुडबुडे मोजले. व्यायाम न करता ते प्रत्येक चौरस सेंटिमीटरमागे सरासरी ०.९८ होते. व्यायामानंतर ०.२२. म्हणजे जवळपास पावपट.

पुढच्याच वर्षी फ्रान्समधून आणखी एक अभ्यास आला. त्यात लष्करी डायव्हर्सनी ३० मीटरच्या डाइव्हच्या फक्त २ तास आधी व्यायाम केला होता. बुडबुडे तिथेही कमी झाले.

आता गंमत बघा. उंदरांमध्ये अर्ध्या तासापासून दहा तासांपर्यंत आधी केलेला व्यायाम निरुपयोगी ठरला होता. माणसांमध्ये २ तास आधीचाही उपयोगी ठरला. म्हणजे 'नेमका किती तास आधी' याचं एक ठाम उत्तर विज्ञानाकडे अजून नाही.

असं का होत असावं?

याचे दोन मुख्य अंदाज आहेत.

पहिला अंदाज रक्तवाहिन्यांचा. व्यायामाने रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड नावाचं रसायन जास्त तयार होतं. त्यामुळे बुडबुड्यांच्या 'बिया' या अस्तराला चिकटून राहत नाहीत, असं मानलं जातं. हे रसायन औषधाने अडवल्यावर, बसून राहिलेल्या उंदरांमध्ये बुडबुडे वाढले. पण व्यायाम केलेल्या उंदरांमध्ये ते अडवूनही वाढले नाहीत. म्हणजे नायट्रिक ऑक्साइडचा वाटा असला तरी सगळं श्रेय त्याचं नाही.

दुसरा अंदाज बियांचाच. व्यायामाने रक्तप्रवाह वाढतो आणि त्यात हे सूक्ष्म वायुकण आधीच निघून जातात किंवा विरघळतात. या अंदाजाला बळ देणारी एक मजेशीर गोष्ट म्हणजे, व्यायाम न करता नुसतं थरथरणाऱ्या गादीवर झोपवलं तरी डायव्हर्समध्ये बुडबुडे कमी झाल्याचं २००९ मध्ये दिसलं.

मग डाइव्हच्या आधी पळून यायचं का?

इथेच थांबा. 'शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय' म्हणणारे रील्स चार गोष्टी सांगत नाहीत.

पहिली, बुडबुडे म्हणजे आजार नव्हे. या प्रयोगांत मोजले गेले ते रक्तातले बुडबुडे. अनेक डायव्हर्सच्या शिरांमध्ये डाइव्हनंतर बुडबुडे दिसतात आणि त्यांना काहीच होत नाही. फुफ्फुसं ते गाळून टाकतात. बुडबुडे जास्त तर धोका जास्त, हे ढोबळमानाने खरं आहे. पण बुडबुडे कमी झाले म्हणजे बेंड्स होणार नाही, असं कुणीही सिद्ध केलेलं नाही. माणसांना मुद्दाम आजारी पाडून तसा प्रयोग करताही येत नाही.

दुसरी, प्रयोगात कोण होतं? माणसांवरच्या या प्रयोगांत मोजकेच, तंदुरुस्त, सराव असलेले डायव्हर्स होते. वर्षभर खुर्चीत बसून काम करणारा चाळिशीतला माणूस ट्रिपच्या आदल्या दिवशी अचानक जीव तोडून पळाला, तर त्यालाही तसाच फायदा होईल असं गृहीत धरता येत नाही. उलट पाण्याखाली हृदयावर आधीच ताण असतो. सवय नसताना केलेली मेहनत त्यात भरच घालेल.

तिसरी, व्यायाम कोणता? प्रयोगांत पळणं किंवा सायकलिंगसारखे दमसास वाढवणारे व्यायाम होते. जड वजनं उचलणं, डेडलिफ्ट, ज्यात श्वास रोखून जोर लावावा लागतो, त्यांच्याबद्दल हे निष्कर्ष लागू होत नाहीत.

चौथी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, आणि तिच्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं. आदल्या दिवशी खांद्यांचा दणकून वर्कआउट केला. दुसऱ्या दिवशी डाइव्ह केली. संध्याकाळी खांदा दुखायला लागला. हे दुखणं जिमचं की बेंड्सचं?

बेंड्सचं सर्वाधिक दिसणारं लक्षण म्हणजे खांदा, कोपर, गुडघा अशा सांध्यांत खोलवर होणारं दुखणं. आणि बहुतेक जण काय म्हणतात? 'काल जास्त झालं जिममध्ये, होईल बरं.' बाम लावतात, पेनकिलर घेतात, झोपतात. या आजारात उपचार जितके लवकर तितके चांगले. अंगदुखीच्या भ्रमात घालवलेली रात्र महागात पडू शकते. त्यामुळे बुडबुड्यांचा वाद बाजूला ठेवला, तरी डाइव्हच्या आधी आणि नंतर अंग दुखेल असा व्यायाम टाळायला हे एकच कारण पुरेसं आहे.

वेळ बदलली की परिणाम बदलतो

सगळ्यात मोठा घोळ होतो तो 'व्यायाम' हा एकच शब्द वापरल्यामुळे. डाइव्हच्या कोणत्या टप्प्यावर शरीर राबतंय, त्यावर सगळं अवलंबून आहे.

डाइव्हच्या बऱ्याच आधी: नियमित, सवयीचा व्यायाम चांगलाच. आदल्या दिवशीचं हलकं किंवा मध्यम धावणं, पोहणं, चालणं यात धोका दिसत नाही, थोडा फायदाही असू शकतो. तो मिळाला तर बोनस समजा, त्याच्या भरवशावर डाइव्ह आखू नका.

तळाशी असताना: इथे मेहनत वाईट. प्रवाहाविरुद्ध जोरात पाय मारले की स्नायूंकडे रक्त जास्त जातं, आणि त्याबरोबर नायट्रोजनही जास्त विरघळतो. हवा लवकर संपते ते वेगळंच.

वर येताना, थांब्यावर: इथे उलटं होतं. पाचेक मीटरवर साधारण ३ मिनिटांचा 'सेफ्टी स्टॉप' घेतात. तेव्हा हातपाय हलके हलवत राहिलं तर रक्त फिरतं आणि नायट्रोजन बाहेर पडायला मदत होते.

बाहेर आल्यावर: सगळ्यात नाजूक वेळ हीच. शिरांमधले बुडबुडे एरवी फुफ्फुसात गाळले जातात. जोरदार मेहनत केली की फुफ्फुसांतल्या काही आडवाटा उघडतात आणि बुडबुडे गाळणी चुकवून धमन्यांमध्ये जाऊ शकतात. शिवाय साधारण चारपैकी एका माणसाच्या हृदयात, दोन वरच्या कप्प्यांमधल्या पडद्याला जन्मापासूनची छोटी फट राहिलेली असते. श्वास रोखून जड सिलिंडर उचलला, तर त्या फटीतून बुडबुडे डाव्या बाजूला, आणि तिथून मेंदूकडे जाऊ शकतात. बहुतेकांना आपल्याला अशी फट आहे हेच माहीत नसतं.

थोडक्यात, आपण आधीच्या व्यायामाबद्दल वाद घालतो, पण जपायचं असतं ते नंतरच्या व्यायामाला. म्हणूनच डाइव्हच्या आधी आणि नंतर २४ तास अतिश्रमाचा व्यायाम नको, असा सावध सल्ला अनेक तज्ज्ञ देतात.

मालवणला एकदाच डाइव्ह करायची असेल तर?

आपल्याकडे बहुतेक पर्यटक करतात ती 'ट्राय डाइव्ह'. इन्स्ट्रक्टर हात धरून काही मीटर खोल नेतो, थोडा वेळ मासे दाखवतो, फोटो काढतो आणि वर आणतो. एवढ्या कमी खोलीत आणि कमी वेळात बेंड्सचा धोका फारच कमी असतो. तिथे मोठा धोका आहे तो घाबरून श्वास रोखून वर येण्याचा. वर येताना फुफ्फुसातली हवा फुगते. श्वास रोखलेला असेल तर एक-दोन मीटरवरूनही फुफ्फुसाला इजा होऊ शकते. त्यामुळे पाण्याखाली श्वास कधीही रोखायचा नाही, हा पहिला नियम पाठ करा.

पण कोर्स करणारे, दिवसाला दोन-तीन डाइव्ह करणारे आणि १८-३० मीटरपर्यंत जाणारे आता वाढतायत. वरचं सगळं गणित प्रामुख्याने त्यांच्यासाठी आहे. त्यांनी आणखी दोन गोष्टी लक्षात ठेवायला हव्यात.

एक, रात्रभर बसमध्ये जागून, पाणी न पिता, आदल्या रात्री दारू घेऊन सकाळी पाण्यात उतरणं. शरीरातलं पाणी कमी असणं ही बेंड्ससाठी वाईट गोष्ट मानली जाते. डाइव्हच्या आधी पाणी प्यायल्याने बुडबुडे कमी होतात, हे फ्रेंच डायव्हर्सवरच्या अभ्यासात दिसलंय. व्यायामापेक्षा पाणी पिणं आणि झोप घेणं कितीतरी सोपं आहे.

दोन, परतीचा घाट. विमानाबद्दलचा नियम बऱ्याच जणांनी ऐकलेला असतो. एकच साधी डाइव्ह केली असेल तर विमानात बसण्याआधी किमान १२ तास, अनेक डाइव्ह केल्या असतील तर किमान १८ तास थांबायचं. पण डायव्हिंगच्या हिशोबात ३०० मीटरच्या वरची जागासुद्धा 'उंचावरची' धरतात. आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटरवर आहे. दिवसभर खोल डाइव्ह करून संध्याकाळीच गाडी काढून घाट चढलात, तर शरीरावरचा दाब आणखी कमी होतो. शेवटच्या दिवशी डाइव्ह न ठेवता ती आदल्या दिवशी उरकणं, हा यावरचा साधा उपाय. त्याच दिवशी एखादा गड चढायचा बेत असेल तर त्यालाही हेच लागू.

त्रास झालाच तर काय करायचं?

लक्षणं ओळखा. सांध्यांत दुखणं, अंगाला खाज किंवा जांभळट चट्टे, विचित्र थकवा, मुंग्या येणं, हात-पाय बधिर होणं, चक्कर, चालताना तोल जाणं, लघवी अडणं, धाप लागणं, बोलताना अडखळणं. निम्म्याहून जास्त रुग्णांमध्ये ही लक्षणं बाहेर आल्यावर तीन तासांच्या आत दिसतात आणि जवळपास सगळ्यांमध्ये २४ तासांच्या आत.

अशा वेळी माणसाला आडवं झोपवा. बोटीवर ऑक्सिजन असेल तर लगेच पूर्ण ऑक्सिजन सुरू करा. बरं वाटलं तरी डॉक्टरकडे न्याच. १०८ ला फोन करा आणि 'स्कूबा डायव्हिंग केलं होतं' हे पहिल्या वाक्यात सांगा. किती खोल, किती वेळ, किती वाजता बाहेर आलो, हे लिहून ठेवा. 'परत पाण्यात नेलं की बरं वाटेल' असं कुणी सांगितलं तर ऐकू नका.

खरा उपचार होतो तो दाबाच्या चेंबरमध्ये. तिथे रुग्णाला पुन्हा दाबाखाली नेऊन ऑक्सिजन देतात आणि तासन् तास घेऊन हळूहळू सामान्य दाबावर आणतात. मुंबईत नौदलाच्या आयएनएचएस अश्विनी रुग्णालयात अशी सोय आहे. पण किनाऱ्यावरच्या प्रत्येक गावात ती नसते. म्हणून डाइव्ह बुक करताना पॅकेजमध्ये किती फोटो मिळणार हे विचारता, तेव्हा आणखी दोन प्रश्न विचारा. बोटीवर ऑक्सिजन आहे का? आणि कुणाला बेंड्स झालाच तर त्याला कुठे नेणार? याची उत्तरं अडखळत आली, तर दुसरा ऑपरेटर शोधा.

व्यायामाचं उत्तर त्यामानाने सोपं आहे. रोजचा व्यायाम वर्षभर करा. आदल्या दिवशी हवं तर हलकं पळा. डाइव्हच्या दिवशी जिमला सुट्टी द्या, आणि बाहेर आल्यावर एक दिवस निवांत बसा. बाकी बेंड्स टाळायची जबाबदारी अजूनही त्याच जुन्या गोष्टींवर आहे. किती खोल गेलात, किती वेळ थांबलात आणि किती हळू वर आलात.